खुशाल गजभियेने तळ्याला नावे ठेवली

तळ्यात रबरी होडी उतरली, त्या सकाळी खुशाल गजभिये पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसून कडुनिंबाची काडी चघळत होता. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती आणि पांजराटोल्याचे तळे अजून पाऊण भरलेले होते.

होडीत तिघे होते. दोघे अनोळखी कामगार. तिसरा पांढऱ्या केसांचा, डोक्यावर टोपी, होडी हलली तरी हा हलत नाही असा. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा सोडायचा, तळ लागला की दोरी ताणायची, आकडा उच्चारायचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा. मग वल्ही मारून दहा हात पुढे, पुन्हा तेच. खुशालने त्याला पाठीवरून ओळखले. तो खुमेंद्र रहांगडाले होता.

एरवी खुमेंद्र गावात यायचा म्हणजे तिरोड्यापासून गाड्यांची रांग लागायची. राज्यसभेचा खासदार, वर पक्षाचा राष्ट्रीय सरचिटणीस. दिल्लीत टीव्हीवाले ज्याच्या तोंडासमोर दांडकी धरून उभे राहतात असा माणूस. तो आज भाड्याच्या जीपमधून आला आणि सरळ तळ्यात उतरला. ना हार, ना फोटो. सख्ख्या भावाकडे चहासुद्धा घेतला नाही.

"हा मानूस उगाच पान्यात उतरनार नाई," खुशाल स्वतःशीच म्हणाला आणि काडी फेकून दिली.

खुशालचा संशय दुष्ट नव्हता, कामाचा होता. बावीस वर्षे तो या तळ्याचे पाणी सोडत होता. जुन्या मालगुजारी तळ्यांना पाणी सोडायची जी दगडी वाट असते तिला इकडे तुडुम म्हणतात. पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोके आणि प्रत्येकात ठोकलेला लाकडी गट्टू. वरची भोके उघडी पडली की खालचा गट्टू काढायला माणसाला बुडी मारावी लागते. बुडी खुशाल मारायचा. आणि मग कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी आधी, कोणाच्या नंतर, किती वेळ, हे खुशाल सांगेल ते. तळ्याखाली एकशे बारा एकर धान होता. त्यातला बहुतेक रहांगडाल्यांसारख्या पोवार शेतकऱ्यांचा. अशा गावात बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसाच्या हाती पाणी आले याला कारण एकच होते. कोणाच्या बांधीत पाच मिनिटे जास्त गेली असे बावीस वर्षांत कोणाला म्हणता आले नव्हते. खुशालची स्वतःची दोन एकर जमीन पार शेवटी होती. तिथे पाणी सगळ्यांच्या नंतर पोचायचे.

खुमेंद्र आणि तो एका वर्गातले. दोघे याच तुडुमावर बुडी मारायला शिकले. दम खुशालचा जास्त. खुमेंद्र शंभरापर्यंत मोजून वर यायचा, खुशाल एकशेवीसपर्यंत. पण खुशालची शाळा सातवीत सुटली आणि खुमेंद्रची चालू राहिली. आधी गोंदिया, मग नागपूर. तिथे कॉलेजात तो एनसीसीच्या नौदल तुकडीत शिरला, पुढे परीक्षा दिली आणि नौदलात अधिकारी झाला. ज्या गावातून समुद्र पाहायला शेकडो किलोमीटर जावे लागते त्या गावाचा पहिला आणि आजवरचा शेवटचा.

कोचीहून खुशालला आंतरदेशीय पत्रे यायची. 'मी समुद्राचा तळ मोजतो. जहाजांसाठी नकाशे तयार करतो,' असे एकात लिहिले होते. खुशालने ते पत्र बायकोला, दुर्गाला, वाचून दाखवले आणि घडी घालता घालता म्हणाला, "समुद्र कोनी मोजते का वो? हा तिथं सैपाक करत असन. लाजेनं सांगून नाई राहिला."

"सैपाक करत असन तर चांगलं आहे," दुर्गा म्हणाली. "घरी आला का तुमाले शिकवून जाईन."

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. त्या दिवशी गावोगावचे पाहुणे येतात. अशाच एका मंडईला खुमेंद्र पांढऱ्या वर्दीत आला. पाहुण्यांनी भरलेल्या रस्त्याने तो चालत बौद्ध मोहल्ल्यात गेला, खुशालच्या अंगणात चटईवर बसला आणि दुर्गाच्या हातचा मासळीचा रस्सा आणि भात दोनदा मागून जेवला. त्या काळी रहांगडाल्यांच्या घरी खुशालचा पेला वेगळा ठेवलेला असे. खुमेंद्रची आई त्याची रजा संपेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. जेवण झाल्यावर त्याने बॅगेतून एक नकाशा काढून पसरला. सगळीकडे बारीक आकडे, जमीन नावालाच. "हा एकेक आकडा म्हनजे एकेक बुडी," तो म्हणाला. खुशालने नकाशावरून बोट फिरवले आणि त्या दिवसापासून मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवला.

तो विश्वास वीस वर्षे टिकला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुमेंद्र कॅप्टनच्या हुद्द्यावरून नोकरी सोडून आला आणि एका पक्षात गेला. शिस्तीचा, हिंदी-इंग्रजी बोलणारा, कोणाच्या पुढेपुढे न करणारा माणूस. पक्षाला असा चेहरा हवाच होता. समुद्री सीमांवर बोलायला त्याला दिल्लीला नेले, मग राज्यसभेत बसवले, मग देशभर फिरवले. गोंदियात त्याची पहिली मोठी सभा झाली तेव्हा खुशाल मुद्दाम बसने गेला. खुमेंद्र मंचावरून उतरला, गर्दीतून हात जोडत चालला, खुशालच्या समोर आला, त्यालाही तसेच हात जोडले आणि पुढे गेला.

खुशाल घरी येऊन एवढेच म्हणाला, "त्यानं मले पाह्यलं, पन ओळखलं नाई. का ओळखून पुढं गेला?" तेव्हापासून टीव्हीवर खुमेंद्र आला की तो अगदी जवळ सरकून बसायचा. लहानपणी खुमेंद्र खोटे बोलताना डाव्या कानाची पाळी चोळायचा. दिल्लीत तो कान किती वेळा चोळतो, हे खुशाल मोजायचा.

आता तोच माणूस तळे मोजत होता.

दुपारपर्यंत गाव पाळीवर जमले. खुमेंद्रचा थोरला भाऊ झामसिंग सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याच्या बांध्या तुडुमाला लागूनच होत्या.

"तुमचा भाऊ का करून राहिला, झामसिंगभाऊ?" खुशालने विचारले.

"माह्या भावाच्या पोटात का आहे ते त्याच्या बायकोले मालूम नाई, मले कुठून असन?" झामसिंग म्हणाला. मग आवाज उतरवून, "पन गोंदियात ऐकलं. तळ्यांवर सूर्याच्या पाट्या टाकून राहिले. पान्यावर तरंगतात, वीज करतात. एकदा टाकल्या का तळं कंपनीचं. ना ढोर जाईन, ना जाळं पडन, ना तुडुम उघडन."

हे ऐकल्यावर कोणाला दुसरे काही सुचेना. दुसऱ्या दिवशीही होडी फिरत राहिली. खुमेंद्रने पाळीकडे पाहून एकदा हात केला. उत्तरादाखल कोणीही हात केला नाही.

त्या संध्याकाळी शाळेजवळच्या पारावर सगळे बसले आणि पांजराटोल्याने एक युक्ती काढली. ती त्यांना सुचणे साहजिकच होते. आपल्याकडच्या चांगल्या वस्तूची परक्यापुढे तारीफ करायची नाही, अशी या मुलखाची रीत आहे. म्हैस बादलीभर दूध देत असली तरी 'देते चहापुरतं' असे सांगायचे. धान कमरेएवढा वाढला तरी 'आहे असाच' म्हणायचे. मग तळ्याला नावे ठेवायची. गाळाने भरले, कामाचे नाही, असे सांगायचे. असले भिकार तळे कोण घेईल? आणि सांगायचे खुशालने, कारण तळ्याबद्दल खुशालचा शब्द शेवटचा.

तिसऱ्या दिवशी खुमेंद्रची होडी निघून गेली. दोन तासांनी दुसरी जीप आली. तिच्यातून दोन माणसे उतरली, हातात छापील कागद. ही खुमेंद्रचीच माणसे, असे गावाने धरले. कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

"तलाव का पानी कौन छोड़ता है?" त्यातल्या एकाने विचारले. खुशाल पुढे झाला.

"कितना एकड़ भीगता है?"

"कायचं भिजते साहेब," खुशाल म्हणाला. "नावाचं तळं आहे. दहा वर्षं झाली, एक एकर नाई भिजलं."

"ये धान?"

"बोरवेलचा."

"मछली?"

"बेंडक्या आहेत," मागून झामसिंग म्हणाला आणि लोक हसले.

त्या माणसाने मराठीत लिहिलेला जबाब पुढे केला. खुशालने तो शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. त्याच्या मनात तो खोटे बोलत नव्हताच. तो तळ्याला तीट लावत होता.

चौथ्या दिवशी दुपारी खुमेंद्र एकटा चालत खुशालच्या अंगणात आला. केस आणखी पांढरे दिसत होते. सावलीतल्या बाजेवर तो न विचारता बसला.

"जयभीम, खुशाल."

"जयभीम. या खासदार साहेब."

"साहेब कोनाले म्हनून राहिला गा?"

"मंग का म्हनू? चार दिवस झाले गावात येऊन. माह्या घराची वाट तुमाले नकाशात सापडली नसन."

दुर्गाने चहा आणून ठेवला आणि ती दारातच उभी राहिली. खुमेंद्रने चहाला हात न लावता खिशातून घडी केलेला कागद काढला. खुशालच्या जबाबाची प्रत होती.

"हे तूच लिहून देलं?"

"तुमच्याच मानसाईले देलं."

"ते माहे मानसं नोहोत, खुशाल. ते योजनेवाले. जे तळं वापरात नाई, त्यावर पाट्या टाकाच्या, अशी योजना आहे. ते कोनतं तळं वापरात नाई हे शोधत फिरून राहिले. तू तळं घरी बोलावून देलं त्याईले."

मग खुमेंद्रने हळूहळू सांगितले, शाळेत गणित समजावून सांगावे तसे. आपल्या गावाचे तळे यादीत आहे हे त्याला दिल्लीत कळले. कागदावर लिहिले होते, गाळाने भरलेले, निरुपयोगी. त्याला ते खरे वाटेना, म्हणून स्वतः मोजायला आला. मोजले, तर तळे खोल निघाले, उन्हाळाभर पाणी टिकेल असे.

"माह्या नकाशात आहे, तळ्यात भरपूर पानी. तुह्या कागदात आहे, हे पानी कोनी वापरत नाई. दोन कागद एकावर एक ठेव. का दिसते?"

खुशालला दिसले. पाट्या तरंगवायला याहून सोयीची जागा जिल्ह्यात मिळाली नसती.

"मंग पहिल्याच दिवशी तू मले काऊन नाई सांगतलं?" त्याने विचारले. साहेबाचे 'तुम्ही' गळून पडले होते.

"तुले सांगतलं असतं तर सांजपर्यंत तिरोड्यात बोंब झाली असती. योजना माह्याच पक्षाच्या लोकाईची आहे. मी मोजून राहिलो हे त्याईले समजलं असतं."

"म्हनजे तू पक्षाले भेऊन राहिला."

"हो," खुमेंद्र म्हणाला आणि त्याने डाव्या कानाची पाळी चोळली.

खुशालने ते पाहिले. पण अंगणात माश्याही बऱ्याच होत्या.

पुढचे खुमेंद्रने उठता उठता सांगितले. आठ दिवसांनी तहसीलात हरकती ऐकणार आहेत. खुशालने तिथे जाऊन जबाब खोटा होता असे सांगायचे. नकाशा खुमेंद्र सहीनिशी पाठवेल. स्वतः येणार नाही.

तो गेल्यावर दुर्गाने न प्यायलेला चहा उचलला. "एक विचारू? हे दोन्ही कागद त्यानंच जमवले असन तर? नकाशा त्याचा. तुमच्या तोंडून खोटं निघालं ते त्याच्यामुळं. आता तुमी जाऊन सांगसान का मी खोटा आहो, मंग तळंही गेलं आन तुमीही गेले."

आठ दिवस खुशाल हाच हिशोब मांडत राहिला. गप्प राहिले तर एकशे बारा एकरांचे पाणी जाणार होते. बोलले तर त्याचा शब्द जाणार होता. आणि सांगणारा खरा की खोटा, हे कळायला काही मार्ग नव्हता. शिशाचा गोळा सोडून माणसाचा तळ घेता येत नाही.

झामसिंगने एक वाट काढली. "तू असं सांग का मले वाचता येत नाई. त्याईनं लिहिलं, मी सही ठोकली. तुह्यावर बालंट नाई आन तळंही वाचन."

"झामसिंगभाऊ, मी सातवी शिकलो. तुमचाच भाऊ बाजूले बसत होता."

"तिथं कोन पाहाले आला तुही सातवी?"

"एक खोटं झाकाले दुसरं सांगू? मंग तिसऱ्या वेळी का सांगू?"

तहसीलात त्या दिवशी पंखा बंद होता. टेबलामागे एक बाई अधिकारी होत्या, वयाने तरुण, चष्मा घातलेल्या. पांजराटोल्याचे नाव पुकारले तेव्हा खुशाल पुढे गेला. त्याच्यामागे झामसिंग आणि गावातली पंधरा-वीस माणसे. खुशालची नजर टेबलावर होती. नकाशा आला असेल का?

बाईंनी फायलीतून एक मोठे पाकीट काढले. नकाशा उलगडला. सगळीकडे बारीक आकडे. कोपऱ्यात सही होती, 'कॅप्टन खुमेंद्र रहांगडाले, भारतीय नौदल (निवृत्त)'. खासदारकीचा उल्लेख कुठे नव्हता. खुशालच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला, निम्मा तिथेच राहिला. नकाशा आला होता खरा, पण तो कोणाच्या कामी येणार हे आता खुशाल काय बोलतो यावर होते.

"तळ्यात पाणी भरपूर दिसतंय," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा जबाब सांगतो, वापर शून्य."

"तो जबाब खोटा आहे, मॅडम."

"वाचला नव्हता का?"

मागून झामसिंगने त्याच्या पाठीला बोट लावले.

"वाचला होता," खुशाल म्हणाला. "समजूनच सही केली. तळं वाचवाचं होतं."

बाईंनी चष्मा काढला. "तेव्हा तळं वाचवायला खोटं बोललात. आज तळं वाचवायला आला आहात. मग आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

प्रश्न रास्त होता.

"माह्यावर नका मानू," खुशाल म्हणाला. " बुधवारी पान्याची पाळी आहे. गट्टू काढतो. पान्याच्या संगं चाला. जिथवर पानी जाईन तिथवर लिहा."

बाई बुधवारी खरोखर आल्या. खुशाल कमरेएवढ्या पाण्यात उतरला, दम घेतला आणि खाली गेला. बासष्टाव्या वर्षी दम एकशेवीसचा राहत नाही. दुसऱ्या बुडीत गट्टू निघाला. पाणी तुडुमातून फेसाळत पाटात आले, झामसिंगच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून पुढे. बाई बांधावरून सँडल हातात घेऊन पाण्यासोबत चालल्या. मधे दोनदा त्यांनी चिखलात बोट घालून पाहिले. उन्हे कलताना पाणी खुशालच्या दोन एकरांत शिरले. शेवटच्या बांधाला लागून थांबले. बाईंनी तिथे उभे राहून कागदावर लिहिले आणि खाली गावातल्या पाच जणांच्या सह्या घेतल्या. खुशालची सही घेतली नाही.

तळ्याची नोंद 'वापरात असलेले' अशी झाली. यादीतून नाव निघाले.

पुढच्या महिन्यात टीव्हीवर बातमी आली, पक्षाने पदाधिकाऱ्यांची नवी यादी काढली. सरचिटणीसांत खुमेंद्र रहांगडालेचे नाव नव्हते. तळ्यामुळे, असे झामसिंग म्हणाला. दिल्लीत दुसरेच काही असेल, असे दुर्गा म्हणाली. खुशालने प्रथमच खुमेंद्रला स्वतःहून फोन लावला.

"तळ्यामुळं झालं का गा?"

"पानी कुठवर गेलं?" खुमेंद्रने विचारले.

"शेवटच्या बांधापर्यंत."

"किती वेळात?"

खुशालने सांगितले. खुमेंद्रने ते लिहून घेतल्यासारखा हुंकार दिला आणि मग झामसिंगच्या गुडघ्याची चौकशी केली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाहीच. फोनवर कान दिसत नाही, असे खुशाल नंतर दुर्गाला म्हणाला.

त्या आठवड्याच्या पाणीपाळीला खुशाल नेहमीसारखा पहाट सरताना पाळीवर गेला. तिथे झामसिंग आधीच गोणपाट टाकून बसलेला होता. हातात मोबाइल, त्यावर मिनिटे धावत होती. पलीकडे खालच्या बांध्यांचे आणखी दोघे उभे होते, त्यांच्याही हातात मोबाइल.

"असाच बसलो, खुशाल," झामसिंग म्हणाला. त्याला खुशालच्या डोळ्यांत बघता येईना. "तुह्यावर काई नाई गा. लोकाईचं म्हननं पडलं. तू कागदावर इतक्या सफाईनं बोलला ना. तळ्यासाठीच बोलला, मालूम आहे. पन बोलता येते तुले, हे समजलं."

खुशालला वाईट वाटले, पण राग आला नाही. झामसिंगच्या जागी तोही घड्याळ घेऊनच बसला असता.

"बसा, भाऊ," तो म्हणाला. "तुडुमातून पानी आलं का सुरू करा. मी वर आल्यावर नाई. पानी गट्टू निघाल्यापासून चालते."

त्याने सदरा काढून दगडावर ठेवला आणि पाण्यात उतरला.